अकराच्या जागी बावीस

उत्कर्षा गावंडे नेमकं काय काम करते, हे कर्वेनगरातल्या तिच्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. "कम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर पुण्यात कुणाचंही समाधान होतं. निम्मं शहर कम्प्युटरमध्येच आहे. दिग्रसहून आई, कौशल्याबाई, फोनवर विचारायची, "काय करून राह्यली वं तू तिथं?" आणि उत्कर्षा सांगायची, "जागा देते, आई. ज्याला पाहिजे त्याला." आईला वाटायचं, लेक बिल्डरकडे लागली. त्या धंद्यात पैसा बरा असतो, म्हणून तीही फार खोलात जायची नाही.

पण उत्तर सोळा आणे खरं होतं. प्रत्येक कम्प्युटरच्या पोटात, सगळ्या प्रोग्रॅमांच्या खाली, एक मुख्य कारभारी बसलेला असतो. त्याला कर्नल म्हणतात. मशीन चालू असतानाच या कारभाऱ्याला नवी कामं शिकवावी लागतात. नवा कॅमेरा जोडला, नवी डिस्क जोडली, की तेवढ्यापुरता कोडचा एक तुकडा आत येतो. तो तुकडा म्हणजे मॉड्यूल. आता आला पाहुणा म्हणजे त्याला जागा हवी, आणि इथे कुठलीही जागा चालत नाही. एक तर ती कर्नलच्या जवळच लागते, कारण कोडला इकडून तिकडे उडी मारायची असते आणि त्या उडीला मर्यादा असते. दुसरं म्हणजे, जिथून कोड चालतो तिथे त्याच वेळी कुणाला लिहिता येता कामा नये. नाहीतर चोरटा येणार, मनाला येईल ते खरडणार आणि कारभारी ते मुकाट्याने पाळणार. ही जागा देण्याचं काम उत्कर्षा करायची.

तिने त्यासाठी एक नवी युक्ती काढली होती. एकाच जागेला दोन पत्ते द्यायचे. एक पत्ता कोड चालवण्याचा, कायमचा. तिथून लिहायला सक्त मनाई. दुसरा फक्त लिहिण्याचा, घटकाभराचा. लिहून झालं की तो रद्द. दोन वर्षं ती या युक्तीच्या मागे लागली होती. हा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं त्यात भर घालतात, आणि सगळं चालतं उघड्यावर, ईमेलच्या चावडीवर. तुम्ही तुमचा बदल, म्हणजे पॅच, तिथे पाठवायचा. मग कोण कुठली माणसं त्याची यथेच्छ सालपटं काढणार. आणि शेवटी त्या भागाचा राखणदार, म्हणजे मेन्टेनर, तो घेणार किंवा परत पाठवणार. उत्कर्षाचा पॅच पुष्कळदा परत आला होता. या खेपेला मात्र मेन्टेनर म्हणाला होता, घेतो.

आणि या खेपेला तो आत जाणं भागच होतं. तिचे साहेब, श्रीधर सर, सदाशिव पेठेत वाढलेले. बोलणं मोजकं आणि तिखट. "आपण जगाची सेवा करता, हे थोरच आहे," ते तिला म्हणाले होते, "पण पगार जग देत नाही. पॅच आत गेला तर आपण इथेच. नाहीतर सोमवारपासून आपण चॅटबॉटच्या टीममध्ये." चॅटबॉटच्या टीमचं नाव निघालं की उत्कर्षा विषयच बदलायची. तिला हेच काम करायचं होतं. तिला ते इतकं आवडायचं, की रविवारीही ती जागांचे नकाशे काढत बसायची.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माशी शिंकली. पोलंडमधल्या कुणा अनोळखी माणसाचा मेल आला: तुझा पॅच घातला की माझा जुना बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा उघडा कम्प्युटर, मान टाकतो. पहिलं मॉड्यूल ठीक चालतं. ते काढून दुसरं घातलं की खेळ खलास. मेन्टेनरने खाली एकच ओळ लिहिली होती: शुक्रवारपर्यंत कारण कळू दे.

"अगं, वगळून टाक ना तो बोर्ड," शेजारच्या टेबलावरचा विश्वजीत म्हणाला. "म्युझियममधला पीस आहे तो. वन लाइन चेंज. 'नॉट सपोर्टेड' लिही आणि मोकळी हो."

खोटं कशाला बोला, उत्कर्षाला मोह झालाच. एका ओळीत प्रश्न मिटत होता आणि सोमवारही वाचत होता. तिने ती ओळ लिहिलीसुद्धा. पण ती पाठवायला बोट काही पुढे जाईना. तो बोर्ड मरत होता म्हणजे काहीतरी चुकत होतं, आणि ते काय, हे कळल्याशिवाय तिला अन्न गोड लागलं नसतं. तिने ओळ पुसली आणि विचारलं, "विश्वा, तुझ्याकडे असलं जुनंपुराणं सामान असतं ना घरी?"

विश्वजीतकडे होतं. हडपसर हे खेडं होतं तेव्हापासून त्यांचं घर तिथे होतं. आता त्याच जागी तीन मजले झाले होते आणि वरच्या मजल्यावर विश्वजीतने जगातलं सगळं भंगार जमवलं होतं. गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर दोघं तिथे पोचले. बोर्ड धुळीतून निघाला, पुसला गेला आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला गेला. बटण होतं विश्वजीतच्या वडिलांच्या, हिंदुरावांच्या, खुर्चीमागे. बोर्ड मेला की वीज बंद करून पुन्हा चालू करायची, आणि हिंदुरावांनी खुर्ची सोडायला साफ नकार दिला.

"मी हितंच बसनार. तुमी नुसतं सांगा, कधी दाबायचं त्ये."

मग काय, दुपारभर हिंदुराव बटण दाबत होते. बोर्ड चालू व्हायचा, पहिलं मॉड्यूल घ्यायचा, दुसऱ्याला मरायचा. उत्कर्षा म्हणायची, "काका, दाबा." हिंदुराव दाबायचे आणि विचारायचे, "मेलं?" "मेलं." "व्हतंय असं," ते म्हणायचे, जणू गोठ्यातल्या गाईची चौकशी चाललीय.

शेवटी उत्कर्षा वैतागली आणि तिने खरीखुरी मॉड्यूलं बाजूला ठेवली. तिने दोन अगदी चिमुकली लिहिली, एकाच मापाची, एकाच साच्यातली. पहिल्याने पडद्यावर अकरा आकडा दाखवायचा, दुसऱ्याने बावीस. बाकी काही नाही. पहिलं घातलं. पडद्यावर अकरा आला. ते काढलं आणि त्याच जागेत दुसरं घातलं. या वेळी बोर्ड मेला नाही. पडद्यावर आकडा उमटला.

"अकरा," हिंदुरावांनी वाचलं.

"नाही काका, बावीस."

"अगं, अकराच हाय की! मला दिसतंय न्हवं."

उत्कर्षाने मान वर केली. अकरा होते. पहिलं मॉड्यूल तर तिने काढून टाकलं होतं! तिने मेमरीत डोकावून पाहिलं. तिथे बावीसच लिहिलेले होते, स्पष्ट, जागच्या जागी. लिहिलंय बावीस आणि मशीन वाचतंय अकरा. ती ताडकन उठली, चहाचा कप सांडला आणि ती ओरडली, "सापडलं! विश्वा, सापडलं! माझीच चूक आहे! शंभर टक्के माझी!"

"स्वोताची चूक सापडली म्हनून नाचनारी पयलीच बघतोय," हिंदुराव म्हणाले.

पण नाचण्यासारखंच होतं ते. प्रोसेसर हुशार असतो आणि आळशीही असतो. एकदा वाचलेला कोड तो जवळ राखून ठेवतो, म्हणजे पुन्हा मेमरीपर्यंत हेलपाटा नको. म्हणून त्या जागी नवं काही लिहिलं की त्याला बजावावं लागतं: बाबा रे, राखून ठेवलेलं टाकून दे, पुन्हा वाच. उत्कर्षाने बजावलं होतं, पण दोन पत्त्यांपैकी लिहिण्याच्या पत्त्यावर. नव्या प्रोसेसरांना दोन्ही पत्ते एकाच जागेचे आहेत हे कळतं, म्हणून तिच्या ऑफिसात कधी काही बिघडलंच नाही. हा जुना मात्र राखलेला कोड चालवण्याच्या पत्त्यावरून ओळखायचा. निरोप भलत्याच दारावर गेला होता आणि आतला गडी जुनंच पाठ म्हणत बसला होता. खरी मॉड्यूलं वेगवेगळ्या मापांची, त्यात जुनं-नवं मिसळलं की बोर्ड मरायचा. ज्या दोन पत्त्यांचा तिला एवढा अभिमान, त्यातच ती फसली होती.

तिने एक ओळ बदलली. अकरा. काढलं. दुसरं घातलं.

"बावीस!" हिंदुराव आणि विश्वजीत एकदम ओरडले. आतून विश्वजीतच्या आई, मैनाबाई, घाबरून बाहेर आल्या, कुणाला शॉक बसला की काय म्हणून.

आता उरला मेल. चावडीवर लिहिलेलं कायमचं राहतं. कुणीही, कधीही, अगदी श्रीधर सरसुद्धा, ते वाचू शकतं. "एवढं उघड कशाला लिहितेस?" विश्वजीत म्हणाला. "'मायनर फिक्स' म्हण." उत्कर्षाने ऐकलं नाही. तिने लिहिलं: चूक माझी. निरोप चुकीच्या पत्त्यावर जात होता. नवा पॅच सोबत आहे. ही चूक माझ्याकडून इतके दिवस निसटली, तेव्हा नीट तपासायला वेळ हवा असेल तर या खेपेला घेऊ नका. माझी तक्रार नाही. शेवटचं वाक्य तिने एकदा पुसून पुन्हा लिहिलं, कारण ते वाक्य थेट सोमवारला जाऊन भिडत होतं. पण तिने ते ठेवलं आणि मेल पाठवून दिला.

शुक्रवारचा दिवस ढिम्म सरकेना. श्रीधर सर टेबलापाशी येऊन म्हणाले, "मेल वाचला. आपली जाहिरात आपणच छान केलीत." आणि पुढे गेले. संध्याकाळी उत्कर्षा स्वारगेटला उतरून कर्वेनगरच्या बसची वाट पाहत उभी होती. फोन वाजला. पोलंडवाल्याने कळवलं होतं, बोर्ड उत्तम चालतोय. त्याखाली मेन्टेनरचा मेल होता. घेतला, असं त्याने लिहिलं होतं. पुढे आणखी एक लहानसा पॅच होता, त्याने स्वतःच लिहिलेला. कर्नलच्या कुठल्या भागाबद्दल कुणाला विचारायचं, याची जी फाइल असते, त्यात 'चालणाऱ्या कोडची जागा' या भागासमोर त्याने उत्कर्षा गावंडे हे नाव घातलं होतं. कारण दिलं होतं: जिला स्वतःची चूक इतकी स्पष्ट सांगता येते, तिने इतरांच्याही तपासाव्यात. तुझी हरकत नसेल तर.

हरकत! तिने तिथल्या तिथे "नाही हो, कसली हरकत!" असं मोठ्याने म्हटलं आणि रांगेतल्या दोन आज्या दचकून बाजूला झाल्या. कर्वेनगरची बस समोर येऊन उभी राहिली. उत्कर्षा तिच्याकडे पाठ करून धावत सुटली आणि हडपसरच्या बसमध्ये चढली. वाटेत श्रीधर सरांचा मेसेज आला: "अभिनंदन. चॅटबॉटवाल्यांना दुसरं कुणीतरी शोधायला सांगतो." ती हसली, मग तिला हुंदका आला, मग ती पुन्हा हसली.

दार हिंदुरावांनीच उघडलं. विश्वजीत अजून आला नव्हता.

"काका, झालं! घेतला पॅच!"

"पगार वाढला?"

"नाही."

"मग सायेब झालीस?"

"नाही हो."

"मग येवढी पळत कशापायी आलीस?"

तिला धाप लागली होती. कसं सांगावं ते कळेना, म्हणून तिने सरळ सांगितलं, "काका, त्या जागेत आता जगात कुणालाही काही बदल करायचा असला, तर आधी मला विचारणार. माझं नाव लागलंय तिथे."

हिंदुरावांचा सगळा चेहरा उजळला.

"म्हंजी सातबाऱ्याला नाव लागलं म्हन की!"

"मालकी नाही हो काका. त्याला मालक कुणीच नाही."

"मग इतर हक्कात लागलं. पर लागलं न्हवं? आता तुला इच्यारल्याबिगर कुनाच्या बापाला तिथं खिळा ठोकता यायचा न्हाय."

इतक्या वर्षांत तिचं काम असं पहिल्या फटक्यात कुणालाच कळलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. हिंदुराव मात्र केव्हाच आत वळले होते आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "अगं ए, साखर आन! पोरीचं नाव लागलं!"