पाइप बारीक, तर धार बारीक

कुठलीही वायर दिसली की आबा ती आधी तळहातावर घेऊन तोलायचे. केळीचा घड तोलावा तशी. चार्जरची असो, इस्त्रीची असो, नाहीतर आमच्या मिक्सरची. मग ओठ मुडपून म्हणायचे, "पाइप बारीक, तर धार बारीक." मिक्सर त्याच वायरीवर कित्येक वर्षं नीट चालत होता, पण आबांचा चेहरा पाहून त्याचंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

जळगावात आमच्या शेजारच्या घरात आबा आणि अक्का दोघंच राहायचे. आबा पहूरचे, केळीवाले. शेती आता भाच्याकडे. अक्का धुळ्याकडच्या. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे अक्कांची अहिराणी मला सगळी कळते, पण बोलायला गेलं की मी अडखळते. म्हणून बोलत नाही. ऑफिसचं काम घरूनच करते. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की आबा भिंतीवरून हाक मारायचे, "ये माय, ऐकून जा." कमी बोलणारा माणूस चांगलं ऐकतो, असा त्यांचा समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत लहान कपाटाएवढे दोन स्पीकर होते, आणि मध्ये एक जुना, जड अ‍ॅम्प्लिफायर. त्याला मागून करंट देणारी वायर मात्र वेगळीच होती: काळी, चपटी, घोरपडीसारखी. ती शेतातल्या पाण्याच्या मोटरीची होती. पूर्वी बोअरमधली मोटर सारखी जळायची. बारीक वायर काढून जाड टाकली, तेव्हा ती टिकली. हे खरंच होतं. बोअर खोल, वायर लांब, जाडी लागणारच. उरलेला तुकडा आबांनी घरी आणला आणि गाण्याला लावला.

"मोटर काय, गाणं काय. करंट तर एकच ना?" ते म्हणायचे.

मी इंटरनेटवर वाचून पाहिलं. तिथे देशोदेशीची माणसं याच गोष्टीवर भांडत होती. मोजमाप करणारे म्हणत होते, घरातली वायर धड असली की ती आणखी जाड करून आवाजात फरक पडत नाही. आबांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी मला ऐकायला बोलावलं होतं, सांगायला नाही.

"कळतोय ना फरक?" ते विचारायचे.

"हो, छान आहे," मी म्हणायची. छान असायचंच.

अक्का आतून म्हणायच्या, "माले तं बठ्ठं सारखंच शे."

"तुझे कान धुळ्याचे," आबा म्हणायचे. "डाळ मिलींना सुट्टी असेल त्या दिवशी ऐक. करंट कसा स्वच्छ येतो ते कळेल."

मग पुण्याहून मुलाचा फोन आला. सुनेचे दिवस भरत आले होते. दोघं इकडेच या, कायमचे या, असं तो म्हणाला. अक्कांनी त्याच दिवशी बॅग खाली काढली. आबा म्हणाले, "त्या फ्लॅटमध्ये स्पीकर मावणार नाहीत. मी येत नाही."

मग अक्कांनीच पैज लावली. चादरीमागे बसून त्या वायर बदलणार. आबांनी ओळखायचं, जाड की बारीक. चुकले तर सिस्टीम विकायची आणि पुण्याला चालायचं. ओळखलं तर अक्का पुन्हा विषय काढणार नाहीत. पंच म्हणून मला बसवलं.

दोन खुर्च्यांवर चादर टाकली. मला दोन्हीकडचं दिसत होतं. आबा डोळे मिटून, हनुवटी वर करून बसले. बासरीची सीडी होती. अक्का प्रत्येक वेळी बटण बंद करायच्या, वायर बदलायच्या, पुन्हा चालू करायच्या.

आबा एकदाही चुकले नाहीत.

अक्का चादरीमागून उठल्या. "जिंकनात तुम्ही. बसा आते वायरसंगे."

मी पंच होते, पण मला कोणी काही विचारलं नाही. मी पाहिलं होतं ते असं: बारीक वायर अक्का एका हाताने सहज खुपसायच्या. जाड वायर वळत नसे. ती गुडघ्यावर दाबून, दोन्ही हातांनी वाकवावी लागे, आणि तेव्हा त्यांच्या काचेच्या बांगड्या खळखळत कोपरापर्यंत सरकून परत मनगटावर येत. बासरी सुरू व्हायची ती त्यानंतर.

अक्का एकट्याच पुण्याला गेल्या. आबा रिक्षापर्यंत बॅग घेऊन गेले आणि जिंकलेल्या माणसासारखे परत आले. पुढे काही दिवस सिस्टीम रोज वाजली. मग दिवसाआड. मग डाळ मिली बंद असल्या तरी वाजेना.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. चादर त्यांनीच टाकून ठेवली होती.

"तू बदल. मी ओळखतो."

मी जाड वायर लावली. आबांनी बराच वेळ ऐकलं. "बारीक," ते म्हणाले. पुढच्या वेळी मी बारीक लावली. बासरी वाजत राहिली. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नाही, माझ्या मनगटांकडे पाहिलं.

"तुझ्या हातात बांगड्या नाहीत," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखे.

मी म्हटलं, "नाहीत."

"मग कसं कळणार!" असं म्हणून ते हसले, आणि उठून त्यांनी बटण बंद केलं.

त्याच आठवड्यात स्पीकर जामनेरच्या एका मंडपवाल्याने टेम्पोत घालून नेले. काळी वायर आबांनी भाच्याबरोबर पहूरला पाठवली. मोटरीला. घराला कुलूप लावून किल्ली माझ्या आईकडे दिली आणि पुण्याला गेले.

परवा त्यांचा फोन आला. अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालायचं सांगायला. मागे बासरी वाजत होती. सहसा मी आपणहून काही विचारत नाही. या वेळी विचारलं.

"आबा, तिथे कशावर ऐकता?"

"मोबाइलवर. एकदम डबडं," ते म्हणाले. "वायरच नाही त्याला. काय तोलायचं?"

"कोन शे?" मागून अक्कांनी विचारलं.

"पंच," आबा म्हणाले.

पलीकडे बाळ रडलं. अक्कांनी त्याला उचललं असावं, कारण बांगड्या कोपरापर्यंत गेल्या आणि परत आल्या. माझा फोन साधाच आहे. तरी स्पष्ट ऐकू आल्या.