रत्नमालाबाईंचं ॲमेझॉन

पवनीहून धरणाच्या पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता बारा फुटांची फायबरची मगर तोंड उघडून बसलेली असते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे मोहाची सात झाडं होती. तिथे जंगल उभारायचं ठरलं, तेव्हा साहजिकच सगळ्यात आधी ती सात झाडं तोडली गेली. जंगल म्हटलं की पार्किंग लागतंच.

जंगल उभारणार होते केशवराव. मोहाडीला त्यांची राइस मिल. आयुष्यभर धान भरडलं, कोंडा उडवला आणि साठीला आल्यावर जावयाबरोबर सिंगापूर पाहून आले. परत आले तेव्हापासून भंडारा जिल्ह्यात झाडं कमी आहेत असं त्यांना वाटायला लागलं. झाडं होती तशी, पण ती पाहायला तिकीट नव्हतं. हा दोष दूर करण्यासाठी त्यांनी पाण्याकाठची जमीन घेतली आणि 'ॲमेझॉन आनंदनगरी' असा फलक लावला. त्यात झुले, पाण्याच्या घसरगुंड्या वगैरे होतेच. पण खरं आकर्षण होतं ते 'हरवलेलं जंगल'. सिमेंटचं पडकं देऊळ, फायबरचे खडक, खोदून केलेलं तळं, लपवलेल्या स्पीकरातून पोपटांचे आवाज आणि त्यातून जाणारी नागमोडी पायवाट.

रत्नमालाबाई तिथे लागल्या त्या झाडांना पाणी घालायला. वय अठ्ठेचाळीस. त्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं, नवं गाव सरकारी आखणीचं, सरळ रेषेतलं. नवरा अश्वजित धरणात मासेमारी करायचा. ज्या पाण्यावर तो जाळं टाकायचा त्याच्या खाली कुठेतरी त्यांच्याच धानाच्या शेताची बांदी होती. बाईंनी स्वतः सतरा वर्षं एका रोपवाटिकेत रोजाने काम केलं होतं. माती चाळायची, पिशव्या भरायच्या, बी टाकायचं, रोपं जगवायची. कोणतं बी भिजवून टाकायचं, कोणतं राखेत ठेवायचं, कोणतं रोप कुठल्या मातीत रुसतं हे सगळं त्यांच्या हातांना ठाऊक होतं. रोपवाटिका बंद झाली तेव्हा त्यांना एक शाल मिळाली. अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं नाही, कारण रोजंदारीवर अनुभव येत नसतो.

जंगलाचा आराखडा केला होता वीरेंद्रने. हा मूळचा नागपूरचा. शिकायला बंगळुरूला गेला आणि येताना निम्मी मराठी तिथेच ठेवून आला. हुशार मुलगा, मनाने वाईट नव्हता. फक्त भंडाऱ्याचा उन्हाळा त्याने लॅपटॉपवर पाहिला होता.

जानेवारीत आंध्रातून ट्रक आले. पंख्यासारखे पसरलेले पाम, केळीच्या कुळातली लाल-केशरी फुलांची झाडं, फर्न, परातीएवढ्या पानांच्या वेली. थंडी होती, झाडं टवटवीत होती, सगळ्यांनी फोटो काढले. वीरेंद्रने मजुरांना गोळा करून संकल्पना समजावली.

"हा इमर्सिव्ह झोन आहे," तो म्हणाला. "म्हणजे माणूस आत आला की पूर्ण बुडाला पाहिजे. आपण भंडाऱ्यात आहोत हे त्याला आठवलंच नाही पाहिजे."

रत्नमालाबाई हातातली नळी खाली ठेवून म्हणाल्या, "आमचं तं आख्खं गाव बुडालं जी. तरी कुठचे होतो ते नाई विसरलो."

वीरेंद्रला हे नीट ऐकू आलं नसावं. तो पुढच्या स्लाइडकडे वळला.

बाईंचं खरं काम तिथूनच सुरू झालं, जरी ते त्यांच्या कामात बसत नव्हतं. लहान मुलांच्या झुल्याला लागून कण्हेर लावायचं ठरलं होतं, गुलाबी फुलं फोटोत छान येतात म्हणून. बाईंनी खड्डे खणायला नकार दिला.

"लेकरू पान तोडते आन तोंडात घालते. कण्हेर जहर आहे, सर."

पायवाटेच्या वळणावर घायपात होती, तिची टोकं बरोबर पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. तीही बाईंनी हलवायला लावली. वीरेंद्रने दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि 'बालसुरक्षा आढावा' या मथळ्याखाली आपल्या अहवालात लिहिल्या. आढावा कोणी घेतला हे लिहायला जागा उरली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी त्या त्याला म्हणाल्या, "हे झाडं उन्हाळ्यात टिकत नाईत, सर."

"आपण फॉगर लावतोय ना. धुक्यात ठेवणार आहोत त्यांना."

"किती धुकं करसाल?"

"चोवीस तास."

"आन लाइट गेली तं?"

वीरेंद्रने केशवरावांकडे पाहिलं. केशवराव म्हणाले, "आता लाइट जात नाही." हे ते मिलचे मालक म्हणून नव्हे, तर आशावादी नागरिक म्हणून बोलत होते.

अश्वजितने घरी बायकोला समजावलं. "काहून डोकं खपवून राहिली? तुले पाणी घालाले ठेवलं, पाणी घाल. मेली झाडं तं त्यायची मेली."

"झाडं कोनाचीबी असो," त्या म्हणाल्या, "मराले लागली का मले पाह्यवत नाई."

मार्चच्या शेवटाला फर्न गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परातीएवढी पानं पापडासारखी झाली. लाइट गेली, एकदा नव्हे, नेमाने दुपारी जात राहिली. बोअरचं पाणी खारवट होतं, त्यामुळे फॉगर चालू असताना पानांवर पांढरे डाग पडायचे आणि बंद असताना पानंच पडायची. पारा पंचेचाळीसला पोचला तेव्हा हरवलेलं जंगल खरोखरच हरवलं. सिमेंटचं देऊळ तेवढं ठणठणीत उभं होतं.

उद्घाटन ठरलं होतं एक मेला. दक्षिण अमेरिकेच्या जंगलासाठी महाराष्ट्र दिनापेक्षा चांगला मुहूर्त केशवरावांना सुचला नव्हता. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते.

केशवरावांनी आधी आपल्या पद्धतीने उपाय केला. रंगाऱ्याला बोलावून वाळलेल्या पामच्या झावळ्या हिरव्या रंगवून घेतल्या. दुरून बऱ्या दिसत होत्या. जवळ गेलं की ऑइल पेंटचा वास यायचा आणि एका बकरीने झावळी चाखून पाहिल्यावर तिचा मालक फाटकाशी भांडायला आला. वीरेंद्रने मग प्लास्टिकच्या पानांचा कॅटलॉग उघडला. पण एवढी पानं पंधरा दिवसांत कुठूनच येत नव्हती. तो भर उन्हात देवळाच्या सिमेंटच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. पोरगा रडेल की काय असं बाईंना वाटलं. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं.

"चला माह्यासंगं," त्या म्हणाल्या.

कुंपणाच्या उत्तर टोकाला एक नाला होता. आराखड्यात त्या कोपऱ्यावर लाल रेघ मारून 'साफ करणे' असं लिहिलं होतं. ते काम कंत्राटदाराच्या आळसामुळे राहून गेलेलं. वीरेंद्र तीन महिन्यांत तिकडे फिरकला नव्हता, कारण ती जागा साइटचा भाग नव्हती, साइटवरचा कचरा होती.

बाईंनी करंजाची फांदी बाजूला केली आणि तो आत शिरला. आत एकदम गारवा होता. बाहेर सगळं रान करपलेलं असताना करंज नव्या पालवीने लखलखत होते. उंबराच्या मुळ्या नाल्याच्या काठावरून खाली उतरल्या होत्या. शिंदीची झाडं वाकडीतिकडी पाण्यावर झुकली होती, अगदी त्याने कॅटलॉगमधून निवडलेल्या पामसारखी. फरक इतकाच की ही जिवंत होती. दोन जांभळींच्या शेंड्यापर्यंत माहूलवेल चढली होती, तिची आपट्यासारखी पण हातभर पानं एकमेकांवर छपरासारखी पसरलेली. एक धनेश पक्षी उंबरावरून ओरडला. त्यासाठी स्पीकर लागला नाही.

वीरेंद्रने वेलीचं एक पान हातात धरून उलटसुलट पाहिलं.

"ही पानं... ही एवढी मोठी वेल इथे कुठून आली?"

"कुठून येते? इथचीच होय. आमी पत्रावळी लावत होतो हिच्या."

"आणि उन्हाळ्यात हिरवी राहते?"

"तिले कोनी सांगतलंच नाई का धुकं लागते म्हणून."

मग त्यांनी त्याला एकेक गोष्ट दाखवली. इथून गावाची पाण्याची टाकी दिसत नाही, करंज आड येतात. बांबू मात्र आडोशाला लावू नका. उन्हाळ्यात पानं गाळतो, आणि टाकी नेमकी सुट्ट्यांत दिसायला लागेल. उंबराखाली बाकडं टाकू नका, फळं पडतात, माशा येतात. नाल्याच्या ओलीत धोपा लावा. आपण ज्याच्या वड्या करतो तोच अळू, पण पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि आठ दिवसांत जीव धरतो.

"पायवाट इकडून न्या," त्या म्हणाल्या. "झाडं हलवन्यापेक्षा वाट हलवाले सोपी राह्यते."

सात वर्षं शिकून आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून लाज वाटली. हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्याने त्याच संध्याकाळी आराखडा बदलला. केशवरावांना त्याने सांगितलं की आपण 'संकल्पनेचा विस्तार' करतो आहोत. विस्तार म्हटल्यावर केशवरावांनी होकार दिला.

पुढचे पंधरा दिवस बाई, देवकाबाई नावाची त्यांची मैत्रीण आणि आणखी सहा बायका तिथे राबल्या. एकही झाड न तोडता वाट काढली. धोप्याचे कंद गावागावांतून, सांडपाण्याच्या कडेने गोळा केले. तळ्याचा पलीकडचा काठ मात्र उघडाबोडका होता आणि तिथे पंधरा दिवसांत जगेल असं काहीच नव्हतं. एक सोडून.

"बेशरम लावा," बाई म्हणाल्या.

देवकाबाई हसून खालीच बसली. धरणाच्या कडेने मैलोन् मैल माजणारं बेशरम. उपटलं तरी येतं, जाळलं तरी येतं, ढोरं तोंड लावत नाहीत. ते कोणी मुद्दाम लावतं का? पण बाईंनी लावलं. काठापलीकडे, लेकरांचा हात पोचणार नाही अशा बेताने, कारण तेही विषारीच. आठवड्याभरात त्याला पालवी फुटली, आणि मुळासकट आणून लावलेली जी मोठी झुडपं होती ती जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरून गेली. वीरेंद्रने विचारलं, "हे मात्र इथलंच ना?"

"नाई जी. आमच्या रोपवाटिकेचे साहेब सांगत होते, हे दक्षिण अमेरिकेतून आलं. तुमच्या तिकडचंच होय."

वीरेंद्रने मोबाइलवर शोधलं. खरं निघालं. तीन ट्रक भरून आणलेलं ॲमेझॉन मेलं होतं, आणि ज्याला जिल्हाभर शिव्या पडत होत्या ते एकटं तेवढं त्या भागातलं होतं आणि मजेत होतं.

एक मेला मांडव पडला, फीत कापली गेली. प्रमुख पाहुणे शेतकऱ्याच्या घरातून पुढारी झालेले होते. ते पायवाटेवर शिरले आणि त्यांचा चेहरा खुलला. केशवराव पुढे सरसावून म्हणाले, "साहेब, हे सगळं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं."

पाहुण्यांनी करंजाची काडी मोडली, वास घेतला.

"केशवराव, हा करंज होय. याच्या काडीनं आमी दात घासले."

केशवरावांचा रंग त्यांच्या पामसारखा झाला, पेंट मारण्याआधीच्या. पण वीरेंद्र तयार होता. "हीच तर संकल्पना आहे सर," तो म्हणाला. "स्थानिक वनस्पतींमधून जागतिक अनुभव."

"वा!" पाहुणे म्हणाले. मग त्यांनी तळ्याकडे बोट दाखवलं. "आन ते बेशरमबी स्थानिकच का?"

मागे पाण्याची नळी धरून उभ्या असलेल्या रत्नमालाबाई म्हणाल्या, "नाई जी. ते तेवढं खास अमेरिकेचं आहे."

सगळे पोट धरून हसले. पाहुण्यांनी तर भाषणातही तो विनोद म्हणून सांगितला. त्या दिवशी मंचावरून बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

लोक आले, खूप आले. वीरेंद्रचा फोटो एका चकचकीत मासिकात आला, देशी वृक्षांच्या बाजूने त्याने मुलाखत दिली. पण मुलाखतीत त्याने रत्नमालाबाईंचं नाव घेतलं, पूर्ण आणि बरोबर. छापताना जागेअभावी ते गळलं, ही त्याची चूक नव्हती. तो मासिक घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेला, खालमानेने. बाईंनी चहा दिला आणि फोटो चांगला आला म्हणाल्या.

यंदा केशवराव काश्मीरला जाऊन आले. साहजिकच दुसऱ्या टप्प्यात काश्मीर होणार आहे. वीरेंद्रने या वेळी आराखडा काढायच्या आधी फोन केला.

"बाई, चिनार जगेल का हो इथे?"

"जगेल ना."

"खरंच?"

"होळीपर्यंत."

त्यामुळे काश्मीर सध्या चर्चेत आहे. मात्र त्या चर्चेत आता रत्नमालाबाईंना खुर्ची असते. 'हरित सल्लागार' असं पद त्यांना दिलं गेलं. घेताना त्यांनी एकच अट घातली: त्यांच्या सहीशिवाय आवारातलं एकही झाड तुटणार नाही. केशवरावांना ही अट फार गोड वाटली. बाई सही करायला शिकल्या म्हणून त्यांनी कौतुकही केलं. बाई दहावी पास आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मागच्या सोमवारी पहिला कागद आला. मोमोच्या स्टॉलमागच्या चिंचेवर बगळे बसतात, खाली गिऱ्हाइकांवर घाण पडते, सबब झाड काढावे. बाईंनी तो दोनदा वाचला. चष्मा पुसला. मग सहीच्या जागी, ठळक आणि सुवाच्य अक्षरात, त्यांनी लिहिलं: 'स्टॉल हलवा.'

मंगळवारी स्टॉल हलला.