लॅबवाल्या भैयांचा चहा

रायपूरच्या बूढापाऱ्यात श्यामकांत लांजेवारांच्या घरी चहा पिणारा माणूस गेल्या वीस वर्षांत कोणी पाहिला नाही. माणसं येत, बसत, पोहे खात, चिवड्याची बशी संपवून आणखी मागत. पण इंदूताईंनी चहाच्या भांड्याला हात लावला की पाहुण्याला एकदम काम आठवे. शेजारचे अनंतराव तर दिवाळीलाही म्हणत, "वहिनी, मले पाणीच द्या. चहा डॉक्टरनं मना केला." कोणत्या डॉक्टरने, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

याला कारण होतं श्यामकांतांची नोकरी. ते एका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तंत्रज्ञ होते. अर्ध्या रायपूरची लघवी त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. लोक ती कशातही आणत. होमिओपॅथीच्या बाटलीत, अत्तराच्या कुपीत, लोणच्याच्या बरणीत. भनपुरीच्या एका ट्रकवाल्याने पाच लिटरचा कॅन आणून ठेवला होता, कमी पडायला नको म्हणून. श्यामकांत कोणाला हसत नसत. भांड्यावर नाव, वय आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवत आणि कामाला लागत. सारा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, त्यांना लॅबवाले भैया म्हणे.

तंत्रज्ञाने रिपोर्ट तोंडाने सांगायचा नाही, असा तिथला नियम होता. "डॉक्टर सांगतील" म्हणायचं आणि कागद खिडकीतून सरकवायचा. पण बाहेरचा माणूस कागदाकडे बघत नसे, भैयांच्या तोंडाकडे बघे. आणि भैयांना आपलं तोंड काही सांभाळता येत नसे. म्हणून त्यांनी एक वाट काढली. रिपोर्ट वाईट असला की ते समोरच्या मीराबाईच्या टपरीकडे आवाज देत, "एक चहा, अद्रक जास्त!" आता या माणसाला दिवसभर या खोलीतून त्या खोलीत हिंडायचं आहे, पोटात काही गरम तरी असू दे, एवढाच त्यांचा विचार. रिपोर्ट फारच वाईट असला तर सोबत बिस्किट. बिस्किट उभ्या नोकरीत सात-आठ वेळाच मागवावं लागलं.

दोन-चार वर्षांत ही खूण सगळ्यांना कळली. मग रांगेतली माणसं खिडकीकडे बघेनात, टपरीकडे बघू लागली. मीराबाईने अद्रक ठेचायला घेतलं की अख्खी रांग रामनाम घेऊ लागे. एकदा राधिका नावाची बाई नवऱ्याचा रिपोर्ट घ्यायला आली. खिडकीची जाळी धरून ती म्हणाली, "चाय झन मंगवा भैया. मुँह ले बता." चहा मागवू नका, तोंडाने सांगा. श्यामकांत म्हणाले, "डॉक्टर सांगतील." आणि त्यांनी चहा मागवला. बिस्किटासोबत.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, ते मुलीकडे नेदरलंडला गेले. पूर्णिमा तिथे आइंडहोव्हन नावाच्या गावात इंजिनियर आहे. इंदूताई आदल्या वर्षी जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मले नाही राहायचं पुन्हा त्या फ्रिजमध्ये. तुम्ही जा. मटार टिकतात तर तुम्हीही टिकाल."

बाराव्या दिवशी सकाळी श्यामकांतांना लाल लघवी झाली. दुखलं नाही, जळजळलं नाही, नुसती लाल.

रायपुरात असते तर गर्मी झाली म्हणून मोकळे झाले असते. आपल्याकडे नाकातून रक्त आलं तरी गर्मी आणि सून माहेरी गेली तरी गर्मी. धन्याचं पाणी प्यायचं, खिशात कांदा ठेवायचा, की झालं. पण इथे खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि श्यामकांतांच्या अंगात दोन स्वेटर आणि एक कानटोपी होती. गर्मीवर ढकलायची सोय नव्हती. मग त्यांना आठवलं, रात्री पूर्णिमाने बीटाची कोशिंबीर केली होती. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बीटाला मनातल्या मनात नमस्कार केला. तीन दिवस त्यांनी बीटाला शिवलंदेखील नाही. चौथ्या दिवशी पुन्हा लाल.

पासष्ट वर्षांचा माणूस, दुखत काही नाही आणि लघवीत रक्त. अशा रिपोर्टवर मीराबाईला काय सांगायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

हाताला सवय होती ती होती. त्यांनी जॅमची रिकामी बरणी धुतली, नमुना घेतला, वर चिठ्ठी चिकटवली आणि गाळ बसेल म्हणून बरणी बाथरूमच्या खिडकीत उजेडाला ठेवली. मग चष्मा आणायला गेले. परत येतात तो दारात पूर्णिमा, हातात बरणी.

"बाबा, हे डाळिंबाचं सरबत इथं काहून ठेवलं?"

"पिऊ नको!"

पूर्णिमाने चिठ्ठी वाचली. तिचं मराठी तसं चांगलं आहे, पण घाबरली की ती हिंदीवर जाते. "यह आपका है? कब से?"

"चार दिवस झाले."

"चार दिन! और आप लेबल लगा रहे हो?"

"लेबल नसलं तर अदलाबदल होते."

"बाबा, घर में हम दो ही लोग हैं!"

श्यामकांत खाली बसले आणि म्हणाले, "आईला सांगू नको. मी सांगीन."

"कधी?"

"रिपोर्ट आल्यावर."

तिथे पहिल्यांदा मोहल्ल्याच्या डॉक्टरकडे जावं लागतं. ती बाई सायकलवरून आलेली, हेल्मेट टेबलावर ठेवलेलं. गाव कोणतं, हवा कशी, काही नाही. तिने थेट विचारलं, सिगारेट किती वर्षं ओढली?

"थोडी," श्यामकांत इंग्रजीत म्हणाले.

"थोडी म्हणजे किती वर्षं?"

"बावीस."

"बाईस?" पूर्णिमा खुर्चीतून उठलीच. "आईले तर तुम्ही सांगितलं की माझ्या जन्माच्या आधी सोडली!"

"लॅबमध्ये वास किती येतो तुले काय माहीत," ते पुटपुटले. "ही बाई डॉक्टर आहे की पोलीस?"

डॉक्टरणीने लघवीत कागदाची पट्टी बुडवली. तिने पट्टी वाचायला मान वाकवली तोवर पलीकडून श्यामकांत म्हणाले, "थ्री प्लस." म्हणजे रक्त भरपूर. तिने वर पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली आणि पहिल्यांदा थोडी हसली. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी तिने तिथेच लिहून दिली.

चार दिवसांनी बापलेक इस्पितळात बसले होते. रायपूरच्या लग्नाच्या हॉलएवढी ती बसायची जागा होती आणि माणसं मात्र मयताला आल्यासारखी शांत. श्यामकांतांनी मन घट्ट केलं होतं. तेवढ्यात पांढऱ्या केसांची, दणकट हाडाची एक आजी चाकांची गाडी ढकलत त्यांच्यासमोर येऊन थांबली. फार प्रेमाने तिने त्यांच्याकडे पाहिलं, कपात कॉफी ओतली आणि पुढे केली.

श्यामकांतांचा चेहरा उतरला. "नो. नो, थँक्यू."

आजीला वाटलं, पाहुणा लाजतो आहे. तिने कप त्यांच्या शेजारी ठेवला, वर एक बिस्किट ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

श्यामकांतांनी मुलीचा हात धरला. "पूर्णिमा, झालं."

"काय झालं?"

"तपासायच्या आधीच कळलं यांना. कॉफी आली. बिस्किटासोबत."

पूर्णिमा लहानपणापासून तो चहा ओळखून होती. तिला आधी रडू आलं आणि मग इतकं हसू आलं की तिला तोंडावर मफलर धरावा लागला. "बाबा, जरा मागं वळून पाहा."

त्यांनी पाहिलं. हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. प्रत्येकाच्या हातात कॉफी होती आणि प्रत्येकाकडे बिस्किट.

"अरे देवा," श्यामकांत हळूच म्हणाले. "सगळेच?"

ती सगळ्यांनाच कॉफी देते, रोज देते, हे त्यांना समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. पूर्णिमाने स्वतःची कॉफी प्यायली आणि त्यांचीही.

आत त्यांना एक झगा दिला. पुढून सभ्य आणि मागून उघडा. चौतीस वर्षं लोकांना "जा, भरून आणा" म्हणून हुकूम सोडलेला माणूस टेबलावर पाय फाकवून पडला. ज्या वाटेने कॅमेरा आत गेला ती वाट कॅमेऱ्यासाठी केलेली नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पण बाजूच्या पडद्यावर चित्र उमटलं आणि श्यामकांत कण्हायचे थांबले. आयुष्यभर त्यांनी लोकांचं तिथून बाहेर आलेलं पाहिलं होतं. ते जिथून येतं ते घर आज पहिल्यांदा आतून दिसत होतं, आणि तेही स्वतःचं. छान गुलाबी होतं. डाव्या भिंतीवर एक लहानसं झुडूप हलत होतं, पाण्यात शेवाळ हलतं तसं.

"जरा डावीकडे घ्या," ते डॉक्टरला इंग्रजीत म्हणाले. "फोकस नाही."

डॉक्टर उंच होता, कान लालबुंद. त्याने निमूट कॅमेरा डावीकडे घेतला. मग तो श्यामकांतांकडे बघून म्हणाला, "ही गाठ आहे. बहुतेक कॅन्सरची आहे. लहान आहे, पुढच्या आठवड्यात काढून टाकू."

तीनच वाक्यं. ना चहा, ना कॉफी. श्यामकांतांना वाटलं, आता काहीतरी कोसळेल. पण छताचे दिवे होते तिथेच होते आणि पाय अजून तसेच फाकलेले होते. त्यांनी विचारलं, "मुळं खोल गेली आहेत का?"

"काढल्यावर तपासू. तशी वाटत नाहीत."

"पुन्हा होईल?"

"होऊ शकते. म्हणून दर तीन महिन्यांनी बघायचं."

कपडे घालताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण विचारलं आणि त्याने सांगितलं. चहाला काही विचारता येत नाही. चहा नुसता प्यावा लागतो. त्यांना जाळी धरून उभी असलेली राधिका आठवली. त्या दिवशी तिने बिस्किट खाल्लं नव्हतं. पदराच्या टोकाला बांधून घेऊन गेली होती.

घरी येऊन त्यांनी रायपूरला फोन लावला. आइंडहोव्हनला साडेअकरा झाले होते, म्हणजे आपल्याकडे दुपारचे चार. पडद्यावर आधी स्वयंपाकघराची फरशी दिसली, मग छत, मग इंदूताई.

"बोला. थंडी कमी झाली का?"

श्यामकांतांनी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी गळाली आणि तोंडातून निघालं, "इंदू, तू चहा घेतला का?"

गॅसवर भांडं सूं करत होतं.

"काहून विचारून राहिले?"

"असंच."

"असंच? पस्तीस वर्षं झाली लग्नाला. चहा तुम्ही कधी असंच नाही विचारला." त्यांनी हात लांब केला आणि सूं आवाज थांबला. "बंद केला मी गॅस. मले नाही प्यायचा तो चहा. तोंडानं सांगा."

पूर्णिमा बापाच्या पाठीमागे उभी होती. तिने बोलायला तोंड उघडलं, पण श्यामकांतांनी हात वर केला.

"लघवीत रक्त आलं. आत गाठ आहे, बहुतेक कॅन्सरची. लहान आहे, पुढच्या आठवड्यात काढणार." मग त्यांनी चौथं वाक्य स्वतःचं जोडलं. "आणि मी सिगारेट बावीस वर्षं ओढली."

इंदूताईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "केवढी आहे?"

"बोराएवढी."

"बाजारातलं बोर की जंगलातलं?"

"जंगलातलं. बारकं."

"मंग काढून टाका लवकर." त्यांचा आवाज जरा हलला, पण लगेच जागेवर आला. "आणि सिगारेटचं काय सांगता मले? लॅबच्या मागच्या खिडकीतून धूर निघे. मीराबाई मले येऊन सांगे. उलट सव्वीस वर्षं ओढली तुम्ही. त्या डॉक्टरले जाऊन बरोबर सांगा आधी!"

श्यामकांतांनी दुसऱ्या दिवशी खरंच पूर्णिमाकडून तशी चिठ्ठी पाठवली.

गाठ निघाली. दहा दिवसांनी लाल कानांच्या डॉक्टरचा फोन आला. कॅन्सरच होता, पण वरवरचा, मुळं खोल गेली नव्हती. पुढची कॅमेऱ्याची तपासणी रायपुरात करा, चुकवू नका. तपासणी नव्या रायपुरातल्या एका इस्पितळात ठरली. श्यामकांत मार्चअखेर घरी आले तेव्हा आपल्याकडे ऊन तापायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पारा भेटायला आला. पुढच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत, दोघंतिघं पलंगावर बसले. लोक विदेशी इस्पितळाबद्दल विचारत होते आणि श्यामकांत झग्याची गोष्ट साभिनय सांगत होते. तेवढ्यात आतून इंदूताई आल्या. हातात मोठा ट्रे, ट्रेमध्ये दहा कप आणि बशीत बिस्किटं.

एकाने मोबाईल काढला. अनंतराव खुर्चीच्या टोकावर सरकले आणि म्हणाले, "वहिनी, मले ते डॉक्टरनं..."

"घ्या हो अनंतराव," श्यामकांत म्हणाले. "या खेपेचा रिपोर्ट माझा आहे. वाचून दाखवू का?"

"नको, नको."

"मंग प्या."

अनंतरावांनी खोलीभर पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी कप उचलला, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. थोडा वेळ गेला. त्यांना काही झालं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "साखर कमी आहे."