पडेल किमतीचा रेडिओग्राम

मला घासाघीस जमत नाही. भाजीवाली सांगेल तो भाव मी मुकाट्याने देतो आणि घरी येऊन बायकोचं ऐकून घेतो. त्यामुळे आयुष्यात एकदाच एक मोठी वस्तू मातीमोल भावात पदरात पडली, तेव्हा मी केवढा माजलो असेन याची कल्पना करा. अमरावतीच्या आमच्या दोन खोल्यांत जो कोणी पाऊल टाकी, त्याला पाण्याचा पेला मिळायच्या आधी मी रेडिओग्रामसमोर नेऊन उभा करी आणि विचारी, ‘‘सांगा, केवढ्याला मिळाला असेल?’’ पाहुणा बिचकत काहीतरी आकडा सांगे. मी नुसती मान हलवी. मग तो आणखी खाली येई, मी पुन्हा मान हलवी. शेवटी खरी किंमत ऐकून त्याचं तोंड उघडं पडलं की मला जेवल्यासारखं वाटे.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी हायस्कुलात मास्तर होतो. गाण्याचं वेड लहानपणापासून, पण गाणं ऐकायचं ते हॉटेलबाहेर फुटपाथवर उभं राहून. आतला रेडिओ खरखरत असायचा आणि मालक अधूनमधून ‘‘घ्यायचं आहे का काही?’’ म्हणून विचारायचा. अशा माणसाच्या घरी एकदम सागवानी रेडिओग्राम आला. लांबीला दिवाणाएवढा, वर झाकण, झाकणाखाली तबकडी फिरवणारं यंत्र, पुढे जरीच्या कापडामागे दोन स्पीकर आणि कोपऱ्यात पितळी अक्षरांत ‘हाय-फाय’. ती अक्षरं मी रोज रुमालाने पुसत असे. बायको म्हणायची, लग्नातला माझा फोटो कधी असा पुसला नाहीत.

पण आवाज. त्याबद्दल मी आजही थट्टा करू शकत नाही. सतारीवर सरकणाऱ्या बोटाची बारीक कुरकुर ऐकू यायची. गायक तान घेण्याआधी श्वास घ्यायचा, तोही ऐकू यायचा. इतकी वर्षं मी गाण्याचं फक्त साल चघळत होतो, गर आता मिळाला, असं झालं. आवाज भिंतींवर घुमू नये म्हणून मी खिडक्यांना गोधड्या टांगल्या, खाट स्वयंपाकघरात हलवली आणि बरोबर मधोमध, जिथे दोन्ही स्पीकर सारखे लागत, तिथे खुर्ची ठेवली. त्या खुर्चीवर घरातल्या कुणी बसायचं नाही असा माझा नियम होता. ती भावासाठी होती.

कारण रेडिओग्राम मिळवून दिला तो त्याने. माझा थोरला भाऊ अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे असतात, त्यांची जोडणी आणि दुरुस्ती त्याच्याकडे. आमचे बाबा त्याच फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलायचे. ते गेले तेव्हा भाऊ शाळा सोडून तिथे लागला आणि मी शिकत राहिलो. याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

फॅक्टरीचा मालक मुंबईला बिऱ्हाड हलवत होता, बंगल्यातलं सामान काढत होता. भावाने रेडिओग्रामचा विषय काढला आणि मालकाने तो पडेल किमतीत देऊन टाकला. मी तेवढे पैसे पाठवले आणि काही दिवसांनी ट्रक दारात आला. वाटेत धक्का लागू नये म्हणून भावाने खोक्यात रुई ठासून भरली होती. ती इतकी निघाली की बायकोने दोन उश्या भरल्या. एवढा स्वस्त कसा, असं मी भावाला विचारलं, तर तो म्हणाला, मालकाला न्यायला जड झालं, तू कशाला चौकशा करतो. मला चौकशी करायची नव्हतीच. स्वस्तात मिळालेल्या वस्तूची चौकशी कोण करतं?

भाऊ स्वतः गाणारा. अकोल्यात आमच्या वस्तीच्या जलशात पहिला आवाज त्याचा असे. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो, घरातला देव्हारा रिकामा झाला आणि वस्तीत नवी गाणी आली. ती त्याने इतकी गायली की आसपासच्या गावांतून बैलगाड्या पाठवून त्याला नेत. पुढे त्याने गाणं सोडलं. घसा बसला म्हणे. जिनमध्ये कापसाची धूळ उडते, तेव्हा आम्हाला ते पटलं.

माझी बायको पुण्याकडची. ती भावाला बिचकायची. एक तर तो ओरडून बोलायचा. साधं ‘‘चाय मांड’’ म्हणाला तरी तिला वाटे, आपलं काहीतरी चुकलं. दुसरं म्हणजे समोरचा बोलत असला की तो त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राही. मी तिला समजावलं की आम्ही वऱ्हाडी असेच, पोटात काही नसतं. आणि रेच्यांच्या घरघरीत दिवसभर काम करणारा माणूस हळू कसा बोलेल? मी मोठ्या थाटात हे सांगितलं आणि पुढचा विचार काही केला नाही.

रविवारी भाऊ सकाळच्या गाडीने निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून यायचा. जेवण झालं की मी त्याला त्या खुर्चीवर बसवायचो. तो डोळे मिटायचा, गुडघ्यावर बोटांनी ताल धरायचा आणि तबकडी संपून मी झाकण उघडलं की म्हणायचा, ‘‘बेस वाजते.’’ बेस म्हणजे आमच्याकडे छान. मला केवढं समाधान वाटे. याला आयुष्यभर घरघर ऐकावी लागली, निदान रविवारी तरी चांगलं ऐकतो आहे, आणि ते माझ्या घरी. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. त्याचा ताल अधूनमधून गाण्याला सोडून जाई, पण त्याचंही कारण मी शोधून ठेवलं होतं. म्हटलं, जलशाचा माणूस, स्वतःची लय धरतो.

उन्हाळ्यातली एक दुपार. सनई लावली होती. बायको दारात गहू निवडत बसली होती. मध्येच वीज गेली. तबकडी मंदावली, सनई घोगरी होत होत खोल गेली आणि थांबली. मी उठणार, तोच बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने भावाकडे खूण केली.

भाऊ डोळे मिटून ताल देत होता. घरात चिडीचूप होतं, सुपातल्या गव्हाचाही आवाज थांबला होता, आणि त्याची बोटं गुडघ्यावर चालली होती. मधेच त्याने मान डोलावली, एखादी जागा आवडल्यासारखी. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बेस वाजते.’’

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? संध्याकाळी त्याला गाडीवर सोडून आलो तेव्हा बायको रडत होती. मी इतके दिवस त्यांना तुसडे समजले, म्हणत होती. निदान तिची चूक तरी साधी होती. मी तर त्याच्या हाताखाली वाढलो होतो.

पुढच्या सुट्टीत मी त्याला न कळवता अकोल्याला गेलो. भाऊ कामावर होता, वहिनी घरी. मी विचारताच ती म्हणाली, कधी ना कधी तुम्हाला समजणारच होतं. कान बरीच वर्षं जात होते. फॅक्टरीतले बाकीचे लोक कानात रुईचे बोळे घालायचे, तिथे रुईला काय तोटा. भावाला ते चालत नसे. रेच्याची पाती आतल्या फिरत्या रुळाला घासायला लागली की ते आधी आवाजावरून समजतं आणि ते ऐकणं हेच याचं काम. म्हणून हा उघड्या कानांनी उभा राहायचा. गाणं सोडलं तेही घशामुळे नाही. पेटीचा सूर लागेनासा झाला आणि मागचे लोक हसायला लागले, तेव्हा सोडलं. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं मात्र त्याला समजे. रेच्यांपाशी सगळे तसंच बोलतात.

मग तिने रेडिओग्रामचं सांगितलं. डॉक्टरने बजावलं होतं की यंत्रापासून दूर झाला तर थोडंफार ऐकणं शिल्लक राहील. भावाने गोदामातलं काम मागून घेतलं होतं, ते मिळालंही होतं. तेवढ्यात मालकाने फॅक्टरी चालवायला दुसऱ्याला दिली आणि त्या घेणाऱ्याला जुना फिटर आणखी एक हंगाम हवा होता, नव्या माणसांना तयार करायला. भाऊ नाही म्हणाला. सौदा मोडू नये म्हणून मालकाने विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग. भावाने बंगल्यातला रेडिओग्राम मागितला. फुकट दिलेला मी घेणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मला थोडी किंमत सांगितली. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तो पुन्हा रेच्यांपाशी उभा राहिला आणि होतं नव्हतं तेही गेलं.

‘‘मी नाई म्हटलं होतं भाऊजी,’’ वहिनी म्हणाली. ‘‘त म्हणे, कान त जाऊनच राह्यले. जाता जाता त्यायच्या बदल्यात काई त घरात येऊ दे.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो मान खाली घालून घेतला असता. मी भावाची वाट न पाहता परत निघालो. गाडीत मला एकच आठवत होतं, सांगा, केवढ्याला मिळाला असेल. किती लोकांना विचारलं होतं मी. किती आवडीने विचारलं होतं.

घरी आल्यावर मी रेडिओग्रामवर चादर टाकली. खिडक्यांच्या गोधड्या काढल्या. वाजवायची छातीच होईना, आणि न वाजवता तो नुसता ठेवून देणंही जमेना. शेवटी एका वकिलाने विचारणा केली तेव्हा मी विकतो म्हणालो. पैसे वहिनीच्या हातात द्यायचे आणि मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब. मोकळं मला व्हायचं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

रविवारी भाऊ आला, चादर पाहिली आणि काय झालं ते विचारलं. मी त्याच्यासमोर उभा राहून, ओठ नीट हलवत, सगळं सांगितलं. वहिनीने सांगितलं तेही, वकिलाचंही. तो ऐकत होता, म्हणजे पाहत होता. मग चिडला. यावेळी त्याचा आवाज खरोखरच रागाचा होता आणि तो वेगळा होता. इतकी वर्षं मी दोन्हींत फरक केला नव्हता.

‘‘मायं आयकनं त गेलं,’’ तो म्हणाला. ‘‘आता तुयं बी बंद करतं का? मंग मी तिथी काहून उभा राह्यलो?’’

त्याने स्वतःच चादर ओढून काढली, घडी करून बायकोच्या हातात दिली. माझा दंड धरून मला त्याच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर पाटावर बसला, डोळे उघडे ठेवून. हाताने खूण केली, लाव.

मी हाताला आली ती तबकडी लावली. सारंगी होती. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि मी त्याच्या कानांकडे. सारंगी कुठून कुठे गेली, काय वाजलं, मला काही सांगता आलं नसतं. डोक्यात रेच्यांची घरघर चालू होती. तबकडी संपली तेव्हा मी त्याच्याच सवयीने मान डोलावली आणि ओठ हलवून म्हणालो, छान वाजली.

भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. असं फसवणं त्याच्याइतकं कोणाला ओळखू येणार होतं?

‘‘आयकलं नाई तू,’’ तो म्हणाला. ‘‘परत लाव.’’