बकुळाबाई सातबारा वाचायला शिकल्या

बकुळा तांबे परळच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होती. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत; नवरा शामराव शिवडीच्या गोदामात कारकून. माहेरी काय, सासरी काय, कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आपल्या नावाची थोडी जागा असावी, तिच्यावर दोन खोल्या बांधून भाड्याने द्याव्यात, असं तिच्या फार मनात होतं. पण ड्युटी, घर नि दोन मुली यांतून जमिनीचे कागद कसे वाचायचे ते शिकायचं कधी आणि कुणाकडून?

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर रस्त्यावर आलं, गोळीबार झाला आणि तिच्या वॉर्डात खाटांच्या मधल्या जागेतही जखमी झोपवावे लागले. खिडकीशी सीताराम कर्णिक नावाचे म्हातारे होते, सगळे त्यांना अप्पा म्हणत. ठाणे जिल्ह्यात तलाठी म्हणून आयुष्य काढलेले. गिरगावात मुलाकडे राहताना जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधलेलं, हलता येत नव्हतं. तरी म्हणाले, "सिस्टर, हात मोकळे आहेत माझे. काहीतरी द्या." मग आठवडाभर ते बँडेजच्या पट्ट्या गुंडाळून देत राहिले.

गर्दी ओसरल्यावर एकदा त्यांनी गावाकडचं पत्र तिच्याकडून वाचून घेतलं. चष्मा पडताना फुटला होता. वाचता वाचता ती थांबली. "अप्पा, फेरफार म्हणजे काय हो?"

अप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "जमिनीवरचं नाव बदललं की होते ती नोंद. इतकी वर्षं लोक माझ्याकडे नाव चढवायला आले. समजून घ्यायला कुणी आलं नाही. बसा."

बसायला वेळ कुठला? दुपारची औषधं वाटून झाली की पाचदहा मिनिटं मिळायची. तापाच्या एका रद्द तक्त्यामागे अप्पांनी सातबारा आखून दाखवला. "वर सात नंबर, म्हणजे जमीन कुणाची. खाली बारा नंबर, म्हणजे कसतो कोण. लोक वरचं नाव बघून सही करतात. तुम्ही खालचं आधी वाचा. आणि तुम्ही शेतकरी नाही, तेव्हा बिनशेतीचीच जागा घ्या. कलेक्टरचा हुकूम बघितल्याशिवाय नाही." कधी दोन ओळी झाल्या की बेल वाजायची, आणि उरलेलं दुसऱ्या दिवसावर जायचं. मार्चमध्ये अप्पा कुबड्यांवर घरी गेले, तोवर ती उतारा सरळ वाचू लागली होती.

दिवाळीनंतर शामराव माधव नावाच्या दलालाला घरी घेऊन आला. कल्याणच्या पुढे स्वस्तात जागा निघाली होती, गोदामातले चौघे घ्यायला तयार होते.

"उतारा आणलाय?" बकुळाने विचारलं.

"वहिनी, मालक माझा घरचा माणूस. कागद मागाहून येतील."

तो गेल्यावर शामराव चिडला. "परक्या माणसासमोर माझी शोभा केलीस."

"अहो, एकदा बघून येते. मग तुम्ही म्हणाल तसं."

सुटीच्या दिवशी ती त्या गावच्या तलाठ्याकडे गेली आणि उताऱ्याची नक्कल घेतली. वर मालकाचं नाव. बिनशेतीचा हुकूम कुठेच नाही. खाली सलग सगळ्या वर्षांना एकच नाव, कूळ म्हणून: कुशाबा. ती विचारत विचारत त्याच्या शेतावर पोचली. कुशाबाच्या बायकोने, गंगुबाईने, न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कागदावर माझं नाव हाय?" कुशाबाला खरंच वाटेना. बकुळाने नक्कल तीनदा वाचून दाखवली.

"नवा कायदा झालाय, दादा. येत्या एप्रिलपासून कसणाऱ्याला मालक धरणार. जमीन सोडली म्हणून कुणी लिहून मागितलं, तर अंगठा देऊ नका."

नवराबायको एकमेकांकडे बघू लागली. तसाच कागद घेऊन माधव परवा येऊन गेला होता. रविवारी पुन्हा येणार होता.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. शामरावाने नक्कल हातात घेऊन खालचं नाव वाचलं. मग चप्पल घालून गोदामातल्या त्या चौघांच्या घरी एकेक करून जाऊन आला.

पुढच्या उन्हाळ्यात कुशाबा नायगावला आला, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. जमीन त्याच्या नावावर होत होती. शिवाय तो एक खबर घेऊन आला होता: त्याच्याकडच्या स्टेशनजवळ मालनबाई नावाची विधवा आपली बिनशेतीची जागा विकत होती, आणि तिला सचोटीचं गिऱ्हाईक हवं होतं. बकुळा कागद घेऊन गिरगावात अप्पांकडे गेली. त्यांनी नवा चष्मा लावून दोनदा वाचले, आणखी एक नक्कल मागवली. आठवड्याने म्हणाले, "घ्या." पाटल्या मोडल्या, जागा तिच्या नावावर झाली. दोन खोल्या उभ्या राहायला मात्र तीन वर्षं लागली. प्रत्येक सुटी विटा नि गवंडी यांत गेली.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. गिरगावात अजून तोरणं होती, तेव्हा ती पेढे घेऊन अप्पांकडे गेली. पहिलं बिऱ्हाड राहायला आलं होतं. वाटेत तिने पुष्कळ काही ठरवलं होतं: तुमच्यामुळे, कुशाबामुळे, यांच्यामुळे. प्रत्यक्षात अप्पांसमोर एवढंच निघालं, "एक मास्तर राहायला आलेत. चांगली माणसं आहेत."

"उत्तम," अप्पा म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

त्यांची सून शांता चहा घेऊन आली, ती तिथेच रेंगाळली. टेलिफोन खात्यात होती, सहाला सुटायची. "बाई, मलाही शिकायचंय हे. वेळ मिळेल का हो नोकरीतून?"

बकुळाने कप बाजूला सरकवला आणि तिच्याकडे एक कागद मागितला.