सातविणीवर घेतलेला आळ

गेल्या रविवारी फोनवर बोलता बोलता तुमच्यातली धाकटी सलग सात वेळा शिंकली आणि तुमची आई म्हणाली, "हे आजीकडून आलंय." बटाट्याची भाजी करायची माझी पद्धत तिने कधी माझ्या नावावर टाकली नाही, पण शिंका लगेच टाकल्या. असो. शिंका माझ्या असतील तर त्यांवरचे उपाय आणि त्यापायी मी केलेला मूर्खपणा, हे दोन्ही तुमच्याकडे यायला हवं. म्हणून लिहून ठेवते आहे.

चौतीस वर्षं मी कॉलेजात ग्रंथपाल होते. जुन्या पुस्तकांची धूळ खाल्ली, पण कधी शिंकले नाही. त्यावरून मी असं ठरवून टाकलं होतं की धुळीचं आणि माझं वैर नाही. निवृत्त झाले त्याच वर्षी दिवाळी संपली, चकलीचा डबा अर्ध्यावर आला आणि एका सकाळी शिंका सुरू झाल्या. पहिल्या वर्षी चार दिवस टिकल्या. पुढच्या वर्षी पंधरा दिवस. मग नाताळपर्यंत, मग संक्रांतीपर्यंत. नुसत्या शिंकाच नाहीत. डोळ्यांतून पाणी, टाळूला खाज, आणि नाक असं बंद की 'मन' म्हणायला गेले तर 'बद' ऐकू यायचं. तुमचे आजोबा सकाळी घड्याळ लावायचे नाहीत. माझी पाचवी शिंक झाली की उठायचे.

उपाय कमी केले नाहीत. तुळस-आल्याचा काढा केला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगली. चार छोट्या बाटल्यांतल्या साबुदाण्यासारख्या गोळ्या दोन महिने वेळेवर घेतल्या, आधी आणि नंतर अर्धा तास काही न खाता. मग औषधांच्या दुकानातल्या माणसाने शिंकांवरची एक गोळी दिली. शिंका थांबल्या खऱ्या, पण मीसुद्धा थांबले. शेजारच्या सत्यनारायणाला दुसऱ्या अध्यायात झोपले ती एकदम प्रसादाला उठले. आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मी लिहिते. त्या आठवड्याच्या वहीत 'सदर ठराव सर्वानुमते' इथपर्यंत सुवाच्य अक्षर आहे आणि पुढे एक रेघ आहे, ती पानाच्या खाली उतरत गेली आहे.

शेवटी मी माझ्या पद्धतीने काम करायचं ठरवलं. एक वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, शिंकांची संख्या, वाऱ्याची दिशा, झाडाची स्थिती.

हे झाड म्हणजे आपल्या इमारतीच्या फाटकाजवळची सातवीण. तुम्ही दोघं मागे आलात तेव्हा तिच्या एका डहाळीवर सात पानं मोजत बसला होतात. आता ती पहिल्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीपर्यंत पोचली आहे. दिवाळीच्या सुमारास तिला हिरवट पांढरी फुलं येतात, संध्याकाळी वास इतका दाटतो की कुणीतरी अत्तराची बाटली फोडली आहे असं वाटतं. फुलं दिवाळीत, शिंका दिवाळीत. फोनवर येणाऱ्या निरोपांमध्येही लोक याच झाडाला दोष देत होते. त्यात रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर मला बारीक पिवळट भुकटी सापडू लागली. मी ती पोस्टकार्डाने गोळा केली, पाकिटात भरली आणि वर लिहिलं: 'परागकण. नमुना क्रमांक एक.'

मग ते झाड तोडावं म्हणून महापालिकेला अर्ज लिहिला. दोन पानं, सोबत वहीतल्या नोंदींचा तक्ता. सोसायटीच्या समितीने अर्ध्या तासात सह्या केल्या, कारण दुसऱ्या पानापर्यंत कुणी गेलंच नाही. तुमच्या आजोबांनी मात्र सही केली नाही.

"मी मासे खाणारा माणूस आहे," ते म्हणाले. "मला यात ओढू नकोस."

याचा अर्थ असा, की त्या झाडाच्या सावलीत सकाळी आमची मासळीवाली बसते. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली आहे. वीस वर्षं रोज रिक्षातून टोपल्या घेऊन येते, नऊच्या सुमाराला बसते आणि बारापर्यंत उठते. आमच्या आणि मागच्या दोन इमारतींची सगळी गिऱ्हाइकं तिला तिथेच शोधतात. सगळे तिला मावशी म्हणतात. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, आणि मला 'बाय' म्हणते.

माझ्या अर्जाची बातमी तिला माझ्याआधी फाटकावरच्या वॉचमनने दिली. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तेव्हा तिने वर पाहिलं नाही. मांदेली साफ करता करता म्हणाली, "झाड गेलं तर मी जाऊ कुठं? रस्त्याच्या त्या बाजूला दुकानवाले बसू देत नाय. हिथं ऊन आलं की संपलं. पापलेट एकदा दर्यात मेलंय, उन्हात ते परत मरतं."

मी तिला म्हटलं की आपण सोसायटीला सांगून मोठी छत्री लावू. ती म्हणाली, छत्रीखाली फोटो काढायला राजोडीच्या किनाऱ्यावर जातात, मासळी विकायला नाय. मला थोडं लागलं. पण मी अर्ज मागे घेतला नाही. नाक माझं होतं, आणि तक्ता माझ्या बाजूचा होता.

त्याच आठवड्यात तुमच्या आईने फोनवर दम भरल्यामुळे मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. मी वही पुढे केली. तिने ती शांतपणे चाळली आणि विचारलं, "आजी, आधी कुणी नाकात मारायचा फवारा दिला होता का?" दिला होता. गेल्या वर्षी तीन महिने मारला आणि गुण नाही म्हणून सोडला. ती म्हणाली, कसा मारता ते दाखवा.

मी दाखवलं. मान मागे टाकली, फवारा नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखला, दाबला आणि तपकीर ओढावी तसा जोरात श्वास ओढला.

"म्हणजे तीन महिने तुम्ही ते औषध गिळलंत," ती म्हणाली.

धाकटे, आता हे नीट वाच, कारण बाकी सगळी गंमत आहे, पण हे कामाचं आहे. आधी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचं. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, नळाचं नाही. मग मान किंचित पुढे झुकवायची. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, फवाऱ्याचं तोंड कानाच्या बाजूला. हळू श्वास घ्यायचा. घशात कडवट लागलं तर चुकलं समजायचं. आणि बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी सोडायचं नाही, कारण त्याला काम सुरू करायलाच आठ-पंधरा दिवस लागतात. अर्थात तुझ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काही करायचं नाही.

निघताना त्या मुलीने वही परत दिली. म्हणाली, नोंदी फार छान आहेत, पण शिंक आली तेव्हा तुम्ही काय करत होता, हा रकाना नाही.

चौतीस वर्षं लोकांना सूची कशी करावी हे शिकवलेल्या बाईला हे ऐकून कसं वाटलं असेल, ते सांगत नाही. रिक्षात बसल्या बसल्या मी तो रकाना आखला. पुढच्या तीन दिवसांत त्यात जे उतरलं, त्याकडे मी पाहिलं, पण ते दिसलं नाही. 'केर काढत होते.' 'केर काढत होते.' 'केर काढून झाडू झटकत होते.' माझा निष्कर्ष तयार होता: केर काढताना खिडक्या उघड्या असतात, त्यातून झाडाचे पराग आत येतात.

चौथ्या दिवशी मी खाली गेले. मावशीशी अबोला ठेवणं मला जमत नव्हतं, आजोबांना तर मुळीच परवडत नव्हतं. माझं म्हणणं शास्त्रीय आहे हे तिला पटवून द्यावं म्हणून नमुना क्रमांक एकचं पाकीट सोबत नेलं. ते उघडून तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "मावशी, मला तुझ्या जागेशी वैर नाही. पण हे बघ झाडातून काय पडतं."

तिने ओलं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती शिळा बांगडा ताजा म्हणून विकणाऱ्याकडे पाहत असेल.

"ह्या तुझ्या झाडूचा भुसा हाय."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

तिने बोंबलांवरचं ओलं फडकं उचललं आणि उलटं करून दाखवलं. त्यावर तीच पिवळट भुकटी होती. "दर दिवालीनंतर तू वर बडव बडव बडवतेस, आन् सगळा माझ्या टोपलीत. मी फडकं कशाला टाकते? माश्यांसाठी? माश्या बिचाऱ्या कमी त्रास देतात. मी सकालपासून ह्या झाडाखाली बसते, मला एक शिंक नाय. तू वर झाडू बडवतेस आन् तूच शिंकतेस. मला वाटलं, तुमच्यात तशी पूजाच असंल."

आता पूजेचं सांगते, कारण तुमच्या घरी तो गुरगुरणारा यंत्राचा झाडू आहे. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. तीच लक्ष्मी. मी केरसुणीबरोबर नवे फूलझाडूही आणते, तेही पूजेला ठेवते आणि दुसऱ्या दिवशी जुने टाकून देते. जुना फूलझाडू वर्षभर वापरून गुळगुळीत झालेला असतो, त्यातून काही गळत नाही. नव्या झाडूच्या तुऱ्यातून मात्र दोन-अडीच महिने भुसा गळतो. तो निघून जावा म्हणून मी रोज सकाळी गॅलरीच्या जाळीवर झाडू बडवायचे. मोजून चाळीस वेळा. नोकरीत असताना केर काढायला बाई होती. निवृत्त झाल्यावर तिचं काम मला पसंत पडेना म्हणून मी स्वतः काढायला लागले. शिंका वाढल्या, तेव्हा घरात धूळ वाढली असणार म्हणून दोन वेळा काढायला लागले. त्याही पुढे वाढल्या, तेव्हा एका खोलीची धूळ दुसरीत जायला नको म्हणून प्रत्येक खोलीला वेगळा झाडू केला. या दिवाळीत मी तीन नवे फूलझाडू पुजले होते. तीन गुणिले चाळीस.

वर येऊन आजोबांना सांगितलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आता लक्ष्मीवर आळ घेतेस?"

पण पुराव्याशिवाय मी झाडूलाही दोषी ठरवणार नव्हते. तिन्ही झाडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जिन्याखाली ठेवले. आठ दिवस फक्त ओल्या फडक्याने लादी पुसली, फवारा डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे मारला. सातवीण तशीच होती, शेवटच्या फुलांचा वासही होता. वहीतले आकडे असे गेले: एकोणीस, सोळा, सोळा, नऊ, सहा, चार, तीन, तीन. नवव्या दिवशी आजोबांना मोजायला बसवलं, पिशवी सोडली आणि एक झाडू जाळीवर आपटला. सातव्या ठोक्याला आजोबा म्हणाले, "पुरे. पंधरा झाल्या. मलाही एक आली."

आता अर्जाचं काय करायचं, हा प्रश्न होता. झाड पाहायला महापालिकेचा माणूस दोन दिवसांनी यायचा होता. आजोबांनी सुचवलं की 'वैयक्तिक कारणास्तव' म्हणून अर्ज मागे घे, कुणी विचारणार नाही. मला तो मोह झाला. पण ज्या अर्जाला एवढा तक्ता जोडला, तो दोन शब्दांत मागे घेणं मला बरं दिसेना. आणि तो माणूस दुसऱ्या कुणाचा तरी असाच तक्ता पाहून दुसरं एखादं झाड तोडायला परवानगी देईल, असंही वाटलं.

तो आला, सभ्य गृहस्थ होता. सातविणीच्या बुंध्याभोवती टेप धरून त्याने माप घेतलं आणि अर्जदार कोण म्हणून विचारलं. समितीचे दोघं, वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी, आणि टोपल्यांमागे मावशी, सगळे उभे होते. मी पुढे झाले आणि कागद दिला. त्याने तो मोठ्याने वाचला. तेवढं करायची गरज नव्हती.

"सदर शिंका वृक्षामुळे नसून अर्जदाराच्या स्वतःच्या झाडूमुळे येत असल्याचे निष्पन्न झाल्याने अर्ज मागे घेण्यात येत आहे. वृक्ष निर्दोष आहे."

दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींनी तोंडावर पदर धरले. समितीचे दोघं चपलांकडे पाहत होते, कारण सह्या त्यांच्याही होत्या. त्या गृहस्थाने कागदावर शिक्का मारला, बाजूला तारीख घातली आणि फार गंभीरपणे विचारलं, "आजी, मग आता केर कशाने काढता? आमच्या हिलाही दिवाळीनंतर हाच त्रास होतो." मी त्याला ओल्या फडक्याचं सांगितलं आणि फवारा कसा धरायचा तेही करून दाखवलं.

तो गेल्यावर मी मांदेली घ्यायला टोपलीपाशी बसले. शिंका पूर्ण गेलेल्या नाहीत. डॉक्टरही म्हणाली होती की शून्याचं वचन देत नाही. तिथेच दोन आल्या. मावशीने मांदेलीवर हात आडवा धरला आणि त्या जाईपर्यंत थांबली.

मी म्हटलं, "झाड वाचवलं की नाही मी तुझं?"

"वाचवलंस?" ती म्हणाली. "मारायला कोन निघालेली?" आणि मांदेली पिशवीत घालून तिने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.