आडवी रेघही मोजणारे नागोजीअण्णा

नागोजीअण्णांनी मला पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारले. "कुठपर्यंत शिकलीस?" "आयटीआय, अर्धवट." "आणि मागच्या नोकरीत किती टिकलीस?" "दोन महिने, अण्णा." ते "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि त्यांनी कॉफी मागवली. निपाणी सोडल्यापासून मी गोवा, होसूर, म्हैसूर असं हिंडत आले होते. म्हैसुरात तर एका सर्कशीच्या जनरेटरवर... पण ते असो. हा लेख अण्णांवर आहे.

अण्णांचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. राजाजीनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये जुन्या यंत्रांसाठी सर्किट बोर्ड बनतात. बोर्डाचा आराखडा आधी पारदर्शक फिल्मवर छापायचा, मग उजेडाने तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा. छपाई जराशी लहानमोठी झाली की सुटे भाग बसत नाहीत. म्हणून अण्णांचा दंडक असा, की प्रत्येक फिल्मच्या कडेला शंभर मिलिमीटरची एक उभी आणि एक आडवी रेघ हवी. दोन्ही मोजायच्या आणि प्रिंटरने जेवढं खाल्लं तेवढं संगणकात भरून द्यायचं. मोजायचं तेही पट्टीच्या दहापासून. "शून्याची कड झिजलेली असते, अक्का. तिच्यावर भरवसा नको." माझ्या आजोबांच्या वयाचे असून ते मला अक्काच म्हणतात.

एकदा बोम्मसंद्र्यातल्या एका कारखानदारांचं यंत्र बंद पडलं. ते स्वतःच येऊन बसले. मी घाईत उभी रेघ मोजली, ती नव्याण्णव भरली. आडवीही तेवढीच असणार असं धरून दोन्हीकडे एक टक्का वाढवला. प्रत्यक्षात प्रिंटर कागद ओढतो त्याच दिशेला कमी छापत होता. आडवी रेघ बरोबरच होती, ती मी बिघडवली. बोर्ड तयार झाला, चाळीस पायांचा कनेक्टर बसवायला घेतला. पहिले पाय सरळ गेले, पुढचे अडखळले आणि शेवटचा तर भोकाच्या बाहेरच!

चूक झाली की निघून जायचं, ही माझी जुनी सवय. मी पिशवी खांद्याला लावली.

"कुठं निघालीस?"

"बस स्टँडवर."

"आणि आडवी रेघ कोण मोजणार? मी? हा चष्मा बघ माझा!"

मग ते पाहुण्यांकडे वळले. "साहेब, चूक आमची. स्वल्प थांबा, संध्याकाळपर्यंत बोर्ड देतो."

"आमची म्हणजे कोणाची, रावसाहेब?"

"पाटीवर नाव माझं आहे ना?"

मी फिल्म पुन्हा छापली. उभी शंभर, आडवी शंभर. या वेळी आराखडा कागदावरही छापून कनेक्टर आधी त्यावर ठेवून पाहिला. संध्याकाळी चाळिसावा पाय भोकात बसला, तेव्हा कारखानदारांच्या आधी अण्णांनीच टाळी वाजवली. मी पिशवी खुंटीला अडकवली. तिला आता तिथे चौथं वर्ष चालू आहे. निपाणीहून आईचा फोन येतो, "आता कुठं?" मी म्हणते, राजाजीनगर. तिला अजून खरं वाटत नाही.

अण्णांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. बनशंकरी देवीच्या कृपेने त्यांची रेघ पूर्ण शंभर भरो. उभी आयुष्याची आणि आडवी आरोग्याची, कारण एकीवरून दुसरी धरून चालत नाही, हे मी शिकले आहे. मोजायला मी इथेच आहे.